शनिवारी विझवलेली चूल

शनिवारी रामकली पहाटेच रांधते. मग चूल विझवते.

नुसती फुंकून नाही. पाणी मारून, निखारे बाहेर ओढून, वरून थंड राख पसरून. हात ठेवून पाहते. कोमट. अजून पाणी. भाताचं पातेलं धानाच्या कोठीमागे. भाजी त्याच पातेल्यावर झाकण म्हणून. घासलेली भांडी दिसायला नकोत, म्हणून दोन थाळ्या कालपासून तशाच खरकट्या ठेवल्यात, त्या दारात. झाडू आडवा. अंगण सारवलेलं आहे, ते कुठं लपवणार? त्यावर पाला टाकला.

आता वॉकर. तो गोठ्यात असतो, त्यावर कोंबड्या बसतात. पुसायचा. खाटेला टेकवायचा.

आता खाट. मोडला होता तो उजवा खुबा, म्हणून डाव्या कुशीवर. तोंड भिंतीकडे. नाही, दाराकडे. दाराकडे तोंड असलं की त्या येताना दिसतात.

गोंदियाकडून येणारी पॅसेंजर दरेकसा स्टेशनात शिरताना लांबलचक भोंगा देते. रामकली डोळे मिटते आणि कण्हायला सुरुवात करते. लवकर होतं ते. स्टेशनपासून टोल्यापर्यंत, या वस्तीपर्यंत, चालायला वेळ लागतो. म्हणून थांबते. पुन्हा सुरू करते.

त्यांनी येत राहावं. एवढंच.

*

त्या म्हणजे कोण.

गोंदियाला रेल्वे क्वार्टरांच्या मागे एक चर्च आहे. तिथल्या बायकांच्या मंडळाचं नाव 'शेजार'. ज्या घरात रांधणारा हात उरला नाही त्या घरी त्या जातात: कोणी आजारी, कोणी बाळंतीण, कुणाची माणसं कामाला परमुलखात गेलेली. डबा देऊन येत नाहीत. पिशवीत तांदूळ, डाळ, तेल नेतात, त्या घरची चूल पेटवतात, त्याच घरात रांधतात आणि घरच्यांबरोबर बसून जेवतात. आठवड्याचा शिधा ठेवून परत गाडीला.

रामकली उन्हाळ्यात विहिरीपाशी घसरली. गोंदियाच्या दवाखान्यात खुब्यात सळई टाकली. लेक टिकेश हैदराबादहून आला, सेंट्रिंगच्या कामावरून, आणि कामावरच परत गेला. जाऊ नको म्हणायला तिला तोंड नव्हतं. त्याच्या पोरांची शाळा तिकडेच. वॉर्डातली सिस्टर या चर्चची. तिने विचारलं, "आजी, घरी कोण आहे?" रामकली म्हणाली, "कोंबड्या."

पुढच्याच शनिवारी दारात दोघी. पन्नाशीतली प्रेमिला आणि तिच्यामागे विशीतली रिंकी, डोक्यावर ओढणी, हातात पिशवी.

पहिल्याच दिवशी प्रेमिलाने नियम सांगितला होता. हा नियम तिच्या सासूचा. सासूही असंच घरोघर जायची आणि एका घरी ती इतकी वर्षं जात राहिली की त्या घरची बाई उठायचंच विसरून गेली. तेव्हापासून नियम.

"काकी, ज्या दिवशी तुम्ही तुमच्या हाताने रांधून आम्हाला वाढाल, त्या दिवशी घर उभं राहिलं. त्या दिवशी आम्ही पाहुण्या. जेवू आणि उठू. मग पुढच्या शनिवारी दुसरं घर."

तेव्हा रामकलीचा पाय कळवळत होता. ती म्हणाली होती, "तो दिस लवकर येवो वो माय."

आला. श्रावणातच आला. आता भादवा सरत आलाय.

*

"दादी! कैसी हो?"

"कायची कशी. हे अशी."

"पाय?"

"पायाले काय विचारता. रातभर ठणकून राहिला."

रिंकीने पिशवी ठेवली, चुलीकडे वाकली. "आंटी, इसमें तो पानी है. राख ओली आहे."

प्रेमिला चुलीकडे आली. राखेला बोट लावलं. रामकलीकडे पाहिलं नाही. "छप्पर गळत असेल," ती म्हणाली.

आठवडाभर पाऊस नव्हता.

रिंकी भात टाकते. रिंकीचा भात म्हणजे. रामकली खाटेवर पडल्या पडल्या ऐकते: पाणी किती पडलं ते आवाजावरून कळतं तिला, आणि ते नेहमी जास्त पडतं. तांदूळ धुतला एकदाच. आधण यायच्या आधीच टाकला. झाकण? झाकण नाही. आता ही पोरगी फोन पाहत बसेल. बसलीच. भात बुडाला लागून राहिला. लागून राहिला वो. वास येऊन राहिला. रामकलीचे दात आवळले गेले. हाताची बोटं चादरीखाली झाकण ठेवतात, विस्तव मागे ओढतात, मिठाची चिमूट सोडतात.

"रिंकी, भात पाय."

"देखती हूं, दादी."

"आता पाय."

"हो ना, दादी, देखती हूं."

रामकली उठून बसली. पाय खाली. एक हात नुसता त्या झाकणाकडे, तोही दोन बोटं.

"काकी." प्रेमिला मध्येच येऊन उभी राहिली. "तुम्ही हात लावू नका."

"अवो, जळून राहिला तो."

"जळू द्या. तुम्ही पडा."

किती जीव लावते ही, रामकलीला वाटलं. ती पडली. भात जळला.

जेवायला बसल्यावर दोघींनी डोळे मिटले, क्षणभर. मोठ्याने काही म्हणायचं नाही हाही त्यांचा नियम, घरच्यांनी म्हटल्याशिवाय. रामकलीने एकदा विचारलं होतं, मनात काय म्हणता. प्रेमिला म्हणाली होती, नावं घेतो. मायं बी? तुमचं पण. त्या दिवसापासून त्यांचे डोळे मिटले की रामकली हलत नाही. श्वासही हळू घेते. टोल्यात तिला काकी म्हणतात, मामी म्हणतात, टिकेशची माय म्हणतात. रामकली म्हणणारं माणूस गेलं त्याला खूप वर्षं झाली.

डोळे उघडले.

जळका भात तिघींनी खाल्ला. मग रिंकीने उरलेलं पाणी तुळशीला घातलं, कारण दादीला वाकता येत नाही.

*

रविवारी कोणी नाही.

सोमवारी बाजार, पण तो तिच्यासाठी नाही, ती अपंग आहे ना.

मंगळवारी टिकेशचा फोन. "जेवली का?" "जेवली." "बरं." फोनमध्ये मागे काहीतरी कापायचं मशीन चालू. "ठेवू?" "ठेव."

बुधवार

गुरुवारी शेजारचा हिरालाल कुंपणाशी आला. याने तिची जमीन अधियाने, अर्ध्या वाट्याने, केलीय, म्हणून याला सगळं बोलायचा हक्क.

"काकी, काल तुमाले नाल्यापलीकडं पाह्यलं. डोक्यावर भारा."

"मी नसंन ते."

"मंग तुमच्या लुगड्यात कोण फिरून राह्यलं? तुमचे पाय तं मायापेक्षा बेस चालतात. अना शनवारी कण्हता का हो! माया बायकोले वाटलं बकरी व्याली."

"तुयी बायको कान लावून बसते का माया भिंतीले?"

"तिले करमत नाही." तो हसला. मग आवाज खाली आणून, "किरिस्ताव करतील बरं तुमाले."

"माया तुळशीले पाणी तेच घालते, शनवारी. तू घालतं का?"

हिरालाल गेला. ती उभीच होती. मग लक्षात आलं, वॉकरशिवाय उभी होती, आणि मग लक्षात आलं की आज गुरुवार आहे. चालतं.

शुक्रवारी तिने भिंतीला खालपासून वरपर्यंत पांढरी माती लावली. स्वतःला अडवता आलं नाही. नवरात्र तोंडावर. हात चालले की चालतात.

*

शनिवार.

चूल ओली. पाला टाकलेला. थाळ्या खरकट्या. भिंत?

भिंतीचं काय करायचं.

ती खाटेवर पडून भिंतीकडे पाहत राहिली. तिचा हात जिथवर पोचतो तिथवर पांढरं, वर मागच्या वर्षीचं पिवळट. उभ्या बाईच्या हाताएवढी उंच रेघ. वरचं राहिलं तेही बरंच झालं, असं तिला वाटलं, म्हणजे अर्धवट दिसेल. आजारी बाई अर्धवटच करेल. पण आजारी बाई करेलच कशाला.

प्रेमिलाने आल्या आल्या ती रेघ पाहिली. पाठ फिरवून पिशवी सोडायला बसली. रिंकी डाळ निवडत होती आणि रिंकीला गप्प बसता येत नाही.

"आंटी, त्या सालेकसावालीचं काय करायचं?"

"डाळ निवड."

"कोण सालेकसावाली?" रामकलीने विचारलं.

"अरे दादी, अल्का म्हणून आहे. पहिलंच बाळंतपण. नवरा नागपूरले कामावर, सासू नाही, माय नाही. बुखार आहे तिला. सिस्टर म्हणाली, बच्चे को दूध भी ठीक से नहीं..."

"रिंकी. मीठ आण."

"मीठ इथंच आहे, आंटी."

"मग पाणी आण."

रिंकी हंडा घेऊन गेली. पण जाता जाता दारातून सांगून गेली, तिला वाटलं यात लपवण्यासारखं काय आहे: या लायनीवर आम्ही दोघीच आहोत ना दादी, शनिवारी एकच घर होतं, गाडीच तशी आहे. इकडचं घर उभं राहिलं की तिकडं जाऊ.

विहिरीवर रहाटाचा आवाज सुरू झाला.

"तिच्या घरी रांधते कोण?" रामकलीने विचारलं.

"शेजारचे देतात."

"रोज?"

प्रेमिला डाळीतले खडे वेचत होती. डाळीत खडे नव्हते. पिशवीबंद डाळ.

"रोज देतात का?"

"नाही, काकी."

त्या दिवशी जेवताना दोघींचे डोळे मिटले तेव्हा रामकलीने पहिल्यांदा हालचाल केली. त्या डोळ्यांमागे आता अजून एक नाव होतं.

*

सहा दिवस तिने स्वतःला पटवलं.

तिच्या घराजवळ लोक आहेत. सालेकसा मोठं गाव, तिथं दवाखाना आहे. जवान पोरगी आहे, जवान पोरींना ताप येतो, उतरतो. मी म्हातारी. मले कोण आहे. तिले लेकरू तं आहे. लेकराचा आवाज तं आहे घरात. मायाकडं

पटलं. सगळं पटलं.

फक्त भात टाकताना हात थांबायचा. स्वतःपुरतं रांधायचं म्हणजे वाटीभर तांदूळ. वाटी तांदळात बुडवायची, सपाट करायची. टिकेश झाला तेव्हा तिची सासू चुलीपुढं बसून होती महिनाभर. खाटेवर पडल्या पडल्या तिला भाताचा वास यायचा, आणि तो दुसऱ्या कुणी टाकलेला असायचा. दुसऱ्याने टाकलेल्या भाताचा वास. त्यासाठीच तर ती शनिवारी कण्हत होती.

शुक्रवारी ती परसात गेली. कोचईची, म्हणजे अळूची, पानं छत्रीएवढी झाली होती. तिने कोवळी कापली. मग अजून कापली. पदरात मावेनात.

हिरालालने कुंपणावरून पाहिलं. "काकी, एकट्या जीवाले एवढी पानं?"

"तुयं काय जाते?"

"मायं काय नाई. अर्धी वडी पोटात जाते, दिली तं."

"पाहू उद्या."

तिच्या तोंडाकडे पाहून तो घरात गेला.

*

आता प्रेमिला. स्टेशनवरून टोल्याकडे येणारी पायवाट, दोन्हीकडे पोटरीत आलेलं धान, पुढे रिंकी, मागे ती.

तिला श्रावणातच कळलं होतं. खाटेखालच्या चपलांना ताजा चिखल होता. मग भादव्यात राख ओली आणि छप्पर कोरडं. नियम तिच्या सासूचा, चालवायचा हिच्याकडे, आणि तिने तोंड उघडलं नव्हतं. रिंकीला ती म्हणायची, म्हातारीचा पाय अजून कच्चा आहे. घरी गेल्यावर स्वतःला मात्र काही म्हणायची नाही. घरी म्हणजे क्वार्टर सोडल्यावर घेतलेल्या दोन खोल्या. नवरा गार्ड होता, तो गेला. मुलगी बंगलोरला. प्रेमिला गॅसजवळ उभी राहूनच जेवते. ताट घेत नाही, पातेल्यातूनच. आठवड्यातून एकदा मांडी घालून जेवते ती या घरी, आणि समोर एक म्हातारी भाताला नावं ठेवत असते.

अल्काचं ती दोन आठवडे मागेच ऐकून होती.

"आंटी," रिंकी थांबली. "धुआँ."

रामकलीच्या कौलांमधून धूर वर येत होता. सरळ, निळा, चांगल्या वाळलेल्या लाकडाचा.

"दादी ने खुद जलाया? आंटी! दादी अच्छी हो गई!"

रिंकी पळत सुटली. प्रेमिलाला चालावंसं वाटेना. तिने चपलेतला खडा काढला. दुसऱ्या चपलेतलाही, जो नव्हता.

*

अंगणात पाला नव्हता. खाट उभी करून भिंतीला लावलेली. वॉकर कुठेच दिसत नव्हता. भिंत आता वरपर्यंत पांढरी. म्हातारी पाटावर चढली असणार, या वयात, त्या खुब्याने. तीन पाट मांडलेले. पातेल्यावर झाकण, झाकणावर दोन निखारे.

"बसा," रामकली म्हणाली. पाठमोरी. तेलात वडी सोडत होती.

"दादी, तुम तो हीरोइन निकली!"

"बस म्हणलं ना."

प्रेमिला दारातच. "काकी, मला आज भूक नाही."

कढईत वडी तडतडली.

"गाडीत खाल्लं काहीतरी. रिंकी खाईल. मी नुसती बसते." आणि मग, अजून घाईने, "मी नाही खाल्लं तर ते तसं धरायचं नाही. पुढच्या शनिवारी पाहू. तुमचा पाय अजून..."

"रिंकी," रामकली म्हणाली, "हिरालालच्या घरी ह्या वड्या देऊन ये. पाच आहेत. सांगजो, काकीनं देल्या, अना बकरी बरी आहे म्हणावं."

"कौन सी बकरी?"

"तू सांग. हासला तं हासू दे."

रिंकी गेली. रामकलीने कढई उतरवली. मग वळली.

"तुले कधीपासून ठाव होतं?"

"राख ओली होती, काकी."

"अना मी झाकणाले हात लावून राहिली होती तं मले कायले अडवलं?"

प्रेमिला चप्पल काढून आत आली.

"मले वाटलं जीव लावून राहिली. म्हातारीले चटका बसंन म्हणून."

"तुम्ही हात लावला असता तर..." प्रेमिलाने वाक्य सोडलं. पदराने चेहरा पुसला, उन्हातून आल्यासारखा. "मलाही यायचं होतं."

चुलीतलं लाकूड खाली बसलं. रामकली त्याच्याकडे बघत राहिली, मग ते तिने पुढे सारलं.

"तू बी खोटी अना मी बी खोटी. अना ते पोरगी तिकडं उपाशी."

"मी थांबेन अधूनमधून. अल्काकडून येता-जाता."

"कशी थांबशीन? सालेकसा गोंदियाच्या बाजूले, अलीकडं आहे. गाडी तुले इकडं आणणार हाये का?"

"पुढच्या वेळी..."

"पाहुणी म्हणून येजो कधी. पोळ्याले, दिवाळीले. नाही आली तरी राग नाही. बस आता. वडी थंडी होते."

प्रेमिला बसली. बसताना गुडघा वाजला.

"लेकुरवाळीले पहिल्यांदा जास्त पाणी घालूनच भात द्या," रामकली वाढता वाढता म्हणाली. "रिंकीसारखा. तिचा हात बाळंतिणीसाठीच आहे. मायासाठी नव्हता."

*

रिंकी आली. डोळे मिटले तिघींनी, रामकलीनेही, पहिल्यांदाच. काय म्हणायचं ते तिला माहीत नव्हतं. तिने प्रेमिला म्हटलं, रिंकी म्हटलं, अल्का म्हटलं, टिकेश म्हटलं, त्याच्या पोरांची नावं म्हटली. संपली. पुन्हा पहिल्यापासून म्हटली.

भात मोकळा होता. दाणा दाण्याला चिकटलेला नव्हता. कढी आंबट, वर मोहरीचा तडका, वड्या कडेला कुरकुरीत आणि आत मऊ. रिंकी म्हणाली, दादी, इतने दिन हम आपको क्या खिला रहे थे! आणि हसली आणि मग एकटीच हसतेय हे पाहून थांबली.

"अजून घे."

"बस, काकी."

"बस काय? एवढीशीच खाते?"

"द्या."

रामकलीने वाढलं. प्रेमिलाने खाल्लं. सावकाश. एकेक घास चावून चावून, मग वडीचा तुकडा, मग कढीचा भुरका. रामकलीने पुन्हा वाढलं. प्रेमिला नाही म्हणाली नाही. पातेलं रिकामं व्हायला लागलं तशी रामकली पळी थोडी थोडी भरू लागली, अर्धी, मग पाव.

रिंकी उठली, परसात जाऊन हात धुतले, गाडीची वेळ झाली असं काहीतरी म्हणाली, कोणी ऐकलं नाही म्हणून कोंबड्यांकडे गेली.

थाळी साफ झाली. प्रेमिला उठायला लागली, डावा हात जमिनीला टेकून. रामकली तांब्या घेऊन उभी होतीच. तिने तो दिला नाही.

"नको धुऊ हात, अजून."

प्रेमिला परत बसली. रामकलीही तिच्यासमोर बसली, तांब्या मांडीत. बंगलोरच्या मुलीचं काय चाललंय, तिने विचारलं. तिला काय आवडते खायाले? स्वतः रांधते का बाहेरूनच आणते? प्रेमिला सांगू लागली. बोटांवरचा भात वाळत होता, कढीचा पिवळा रंग नखांशी घट्ट होत होता, स्टेशनच्या बाजूला कुठल्यातरी गाडीचा भोंगा वाजला, आणि ती हात तसाच पुढे धरून सांगत राहिली.